बाणाला माया किती ठेवावी

तीर्थस्वरूप वन्संना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (खांदा धरलेला असल्यामुळे पूर्ण वाकता आलेलं नाही, तेवढं पोटात घालावं. शिवाय ‘तीर्थस्वरूप’ लिहायला घेतलं की हल्ली माझा हात ‘तीर’पाशीच थांबतो, तेही.)

तुमचे गुडघे आता कसे आहेत? तेलाचा उपयोग झाला का, की तुम्ही नेहमीप्रमाणे बाटली कपाटात ठेवून तिच्याकडे नुसतं बघत बसलात? भाऊजींची प्रकृती उत्तम असणार याविषयी शंका नाही. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. म्हणजे मी खुशाल आहे आणि तुमचे बंधू खुशाल आहेत असं सगळ्यांना सांगत फिरतात.

मी तिरंदाजी शिकते हे तुमच्या कानावर आलं असेलच. वाचनालयात दिवसभर पुस्तकांवर शिक्के मारून खांदा आखडला, डॉक्टरांनी पोहायला जा म्हणून सांगितलं, मी तलावाचं गेट समजून शेजारच्या गेटातून आत शिरले आणि तिथे बाया धनुष्य ताणून उभ्या होत्या. पोहणं राहिलं ते राहिलंच. या वयात काय मोठे तीर मारणार, असं तुमच्या मनात आलं असेल तर सांगते, पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे आणि आमच्या क्लबातर्फे चार बायका निवडल्यात त्यांत मी आहे. तुमच्या बंधूंना हे कळलं त्या दिवशी त्यांनी गिऱ्हाइकाच्या पँटला डाव्या बाजूला दोन खिसे लावले. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी खास शर्ट शिवला, धनुष्याकडची बाही अगदी अंगालगत, म्हणजे दोरी सुटताना कापडाला घासू नये. तो घालून मी मैदानावर गेले तर सगळ्या जणी शिंप्याचा पत्ता विचारू लागल्या. मी सांगितला नाही. काही गोष्टी माणसानं स्वतःपुरत्या ठेवाव्यात.

तर आता मुद्द्याचं. मी स्पर्धेसाठी नवीन बाण घेतले. कार्बनचे, काळेभोर, हातात घेतले तर वाटतं की काही घेतलंच नाही. पण दुकानातून बाण येतात ते लांबच्या लांब, रेडिमेड पँटसारखे, आणि ज्याचे त्याने आपल्या मापाला कापून घ्यायचे. लांब बाण सुटताना नुसता वळवळतो आणि निशाणाच्या खाली जाऊन पडतो. माझे तर मैदानाच्या गवतात इतके पडले की माळ्याने ओळख दाखवायला सुरुवात केली. क्लबातलं कापायचं यंत्र जळालेलं. आमच्या प्रशिक्षक बाई म्हणाल्या की बाहेरून कापून आणा. हे मी घरी येऊन सांगितलं मात्र, तुमचे बंधू टेबलावरून उठले. घरात कापणारा माणूस असताना बायकोचे बाण बाहेर कापायला द्यायचे, म्हणजे मी मेलो की काय, असं म्हणाले. त्यांचा स्वभाव तुम्ही त्यांच्या जन्मापासून पाहताय, मी काय सांगणार.

माप मात्र त्यांनी घेतलं ते बघण्यासारखं होतं. मला धनुष्य ओढून उभं केलं, गळ्यातली टेप काढली, माझ्याभोवती दोनदा फिरले, खांदा खाली घे म्हणाले, श्वास सोड म्हणाले, आणि मग पांढऱ्या खडूनं बाणावर दोन रेघा मारल्या. धनुष्यावर बाण जिथे टेकतो तिथे एक आणि तिच्यापुढे चांगलं बोटभर अंतर सोडून दुसरी. मी म्हटलं, दुसरी कशाला? तर म्हणाले, पहिली अंगाची रेघ, दुसरी कापायची, मधली माया. शिवणकामात कडेला जादा कापड सोडतात त्याला माया म्हणतात हे तुम्हाला ठाऊक आहे, पण बाणाला माया सोडणारा माणूस जगात हा एकच. मला राग आला. आमच्यातल्या एका बाईचे बाण कसे आखूड, टापटीप आहेत, आणि माझे तेवढे वाढत्या अंगाचे! तर म्हणाले, तुझी पाठ अजून मोकळी होतेय, शर्ट सांगतो मला. महिन्याभरात हात आणखी मागे जाईल तेव्हा काय करशील? कापड जोडता येतं, हे जोडता यायचं नाही. माझी पाठ मोकळी होतेय हे प्रशिक्षक बाईंच्याही लक्षात आलं नव्हतं. मी रागावलेलीच राहिले, पण आतून फार बरं वाटलं.

माप झालं, आता हत्यार. त्यांची कात्री तुम्हाला माहीत आहे, तिने मी एकदा दोरा तोडला तर घरात सुतक आल्यासारखं वातावरण होतं. कात्रीचा विषयच नव्हता. आधी शेजारच्या सायकलवाल्याकडून लोखंड कापायची करवत आणली. (नवीन बाणाला हात लावला नाही हो, क्लबातून मोडक्या बाणांचे तुकडे मागून आणले होते. त्यांच्या कामात घाई सोडून सगळं असतं.) दोन हात मारले आणि कापलेल्या कडेला बारीक बारीक काळे तंतू उभे राहिले. मला वाटलं आता चिडतील. तर भिंग लावून बघत बसले, आणि चेहरा असा खुलला की विचारू नका. अगं हे कापड आहे, म्हणाले. धागेच आहेत सगळे, नुसती खळ घातलीय! मग तासभर आमच्याकडे बाणाच्या कडेला ओव्हरलॉक कसं मारावं यावर विचार चालला होता. असा नवरा मिळायला भाग्य लागतं आणि सोसायला त्याहून जास्त लागतं.

त्यानंतर प्लंबर आला. त्याच्याकडे पाइप कापायचं एक गोंडस हत्यार असतं, पाइपाला मिठी मारून गोल गोल फिरवायचं, हळूहळू आवळत जायचं. आवाज नाही, भुसा नाही. तुमचे बंधू प्रेमातच पडले. त्यांनी ते इतक्या हळुवारपणे फिरवलं की प्लंबरही खाली बसून बघायला लागला. तिसऱ्या फेरीला आतून पापड मोडल्यासारखं काहीतरी वाजलं आणि तुकडा चिरत गेला. प्लंबर म्हणाला, मास्तर, तांबं दबतं, हे नाही दबत, हे फुटतं. यांनी ते हत्यार पुसून परत दिलं, पण दिवसभर त्याची आठवण काढत होते.

मग तिसरा, फरशा बसवणारा. त्याचं फिरत्या चकतीचं यंत्र आलं आणि मी हुश्श केलं, कारण मोडका तुकडा त्याने खरोखर लोण्यासारखा कापला. काळा भुसा मात्र असा उडाला की हॉटेलातल्या आचाऱ्याचा पांढरा कोट खुंटीवर होता, तो कोळसेवाल्याचा झाला. तुमचे बंधू तो कोट झटकायला बाहेर गेले आणि तेवढ्यात घात झाला. फरशीवाल्याने भला माणूस म्हणून वाट न बघता नवा बाण उचलला, पहिली दिसली त्या रेघेवर धरला आणि उडवला. अंगाच्या रेघेवर! शिंप्याच्या घरात वाढलेलं मूलही त्या रेघेवर कात्री ठेवत नाही, पण त्याला कोण सांगणार? फरशीला माया नसते. वर कापही तिरपा आला.

खरं सांगते, मला तो आखूड बाण फार आवडला. मी तो गुपचूप मैदानावर नेला आणि पूर्ण ओढला, तर त्याचं टोक टेकणावरून निसटून मागे आलं, थेट माझ्या मुठीपाशी. सोडला असता तर हातातून आरपार गेला असता. प्रशिक्षक बाईंनी दोरी हळू पुढे आणायला लावली, माझ्या हातून बाण काढून घेतला आणि मला बाकावर बसवलं. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा तुमचे बंधू ‘बघ, सांगितलं होतं’ असं म्हणाले नाहीत. मुठीवरून हात फिरवला आणि चहा ठेवला. वन्सं, तुम्ही यांच्यासाठी लहानपणी काय केलं असेल ते असो, पण माणूस चांगला केलात.

आता बाईंनी नेमकं काय हवं ते सांगितलंय: अगदी पातळ दगडी चकती, भयंकर वेगानं फिरणारी, आणि ती धरणारा हात स्थिर. बाण हळूच गोल फिरवायचा, दाबायचा नाही, तोंडाला मास्क लावायचा. यांनी बाजार पालथा घातला. एकाकडे चकती जाड, दुसऱ्याकडे यंत्र एवढं की आधी भिंत पाडायला हवी. परवा दुकानातून आले, खुर्चीत बसले, म्हणाले दातांचं काम करतात तसलं काहीतरी पाहिजे. आणि उठून कात्रीला धार लावायला घेतली. तेव्हापासून बाण कोपऱ्यात उभे आहेत आणि स्पर्धा जवळ येतेय.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना लाड. गुडघ्यांना तेल.

तुमची भावजय

ता. क. कवळ्या घासायचं ते छोटं यंत्र भाऊजींकडे अजून असेलच. नुसतं यंत्र पाठवू नका, भाऊजींनाच घेऊन या. लोकांच्या तोंडात बसेल इतकं बारीक ज्यांनी आयुष्यभर घासलं, त्यांच्याच हाताला हे जमेल. असं मी म्हणत नाही, तुमचे बंधू प्लंबरला सांगत होते. आणि भुसा उडतो म्हणून त्यांनी ॲप्रन शिवलेत. आम्ही दोघं, ॲप्रन तीन. तिसरा पोटाशी चांगला ऐसपैस आहे.

ता. क. २. भाऊजी येणार नाहीत म्हणतील हे मला कळतं. सत्काराच्या दिवशी यांनी शिवलेला कोट घट्ट झाला, भाषणाला हात वर केला आणि बटण पहिल्या रांगेत गेलं. वाईट झालं. पण मेहुण्यानं कापड चोरलं असं भर सभेत म्हणायला नको होतं, शिंप्याला याहून मोठी शिवी नाही. तुम्ही परत पाठवलेला तो कोट यांनी पिशवी घालून कपाटात टांगून ठेवलाय. काल हे बाहेर गेल्यावर मी त्याचं अस्तर उसवून पाहिलं. वन्सं, दोन्ही बाजूंना इतकी माया सोडलीय की आत आणखी एक भाऊजी मावतील. चोरलेलं कापड सगळं तिथेच आहे. एवढं त्यांना सांगा आणि मग पुढचं त्यांच्यावर सोडा.

ता. क. ३. दार वाजलं म्हणून उठले तर पत्र कटिंगच्या टेबलावर राहिलं आणि यांनी सगळं वाचलं. मला वाटलं आता फाडतील. तर चष्मा वर करून ‘कोट घट्ट झाला’ या शब्दांखाली खडूनं रेघ मारली आणि म्हणाले, हे चूक आहे, दुरुस्त कर. कोट घट्ट नव्हता, माप देताना दाजींनी पोट आत ओढलं होतं. मी म्हटलं, मग तेव्हाच का नाही सांगितलंत? तर म्हणाले, चारचौघांत कशाला सांगायचं, म्हणून तर माया जास्त ठेवली.