दादाच्या शेवटच्या पाच कांड्या

१४ मार्च, शनिवार

ति. वहिनींस,
सा. न. वि. वि.

सकाळी नऊला दुकान उघडले. दादा गेल्यानंतर आज पहिल्यांदाच. केर काढला. पेन जोडायच्या प्रेसच्या जबड्यांना नवे चामडे लावले. बारा वाजेपर्यंत दोन पेने फोडली.

दादाने शेवटी लेथवर कातलेल्या पाच लाकडी कांड्या होत्या. पॉलिश झालेल्या, आत पितळी नळ्या चिकटवलेल्या. फक्त टोक, फिरकी आणि क्लिप दाबून बसवायची, म्हणजे माझेच काम. पहिलीत टोक निम्मे गेले आणि टक् असा आवाज आला. लाकूड कमरेपर्यंत चिरले. दुसरी अगदी हळू दाबली, तरी तेच.

सुरुवातीचा महिना सोडला तर एकवीस वर्षांत माझ्या हातून एकही फुटली नव्हती. दादाला मी ऐकवायचो की तुझे काय, नुसते गोल करायचे. चकाकीला धक्का न लावता आत माल बसवणे ही खरी कला. तो म्हणायचा, हो बाबा, तुझ्या हाताला यश आहे. ते यश आता गेले. हात कापत नाहीत, मी पाहिले. तरीही.

तुम्ही लेकीकडे निघालात तेव्हा तुम्हा दोघींना एकेक पेन कबूल केले होते. उरलेल्या तिन्ही कांड्यांना हात लावायची छाती होत नाही. दुसऱ्या कारागिराकडे देऊ का? दुकानाचेही काय करावे, सुचत नाही.

मोठ्या माणसाची माया आता तुमच्याकडेच मागायची.

आपला,
धाकटा

१८ मार्च

चि. भाऊजींस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून माझ्या तोंडून ‘अरे देवा’ निघालं. लेक धावत आली, आता कोण गेलं म्हणून विचारत. अहो, मला वाटलं, जाण्याआधी कधीतरी ह्यांनी तुम्हाला सांगितलं असेल.

हे रोज कांड्या फडक्यात गुंडाळून घरी आणायचे. पॉलिश घरी नीट वाळतं, असं तुम्हाला सांगायचे आणि तुम्ही म्हणायचात, दादा बायकोची शाबासकी घ्यायला नेतो. पॉलिश नळीच्या तोंडातही उतरतं. कागदाएवढा थर, पण तेवढ्यानं टोक अडतं आणि सगळा जोर लाकडावर जातो. तो थर छोट्या गोल कानशीनं मी खरवडायची. एकवीस वर्षं. टोक दोन बोटांनी थोडं आत गेलं, की मग हे पास करायचे.

त्या पहिल्या महिन्यात तुमच्या हातून अकरा फुटल्या. काम सोडतो म्हणालात. तेव्हा ह्यांना कारण सापडलं. मी म्हटलं, सांगा की भाऊजींना. तर म्हणाले, राहू दे, आत्ताच कुठे सावरलाय. मग राहूनच गेलं. तुम्ही बढाई मारून गेलात की आम्ही दोघं हसायचो. रागावू नका, मायेनंच हसायचो.

त्या शेवटच्या दिवशी हे दुकानातून थेट दवाखान्यात गेले. या पाच घरी आल्याच नाहीत.

कानस चमच्यांच्या खणात आहे, घराची किल्ली तुमच्यापाशी आहे. परक्या हातात देऊ नका. फुटल्या तर फुटू देत.

मनाला लावून घेऊ नका, एवढं या वहिनीचं ऐका.

वहिनी

२३ मार्च

ति. वहिनींस,
सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचले. आधी राग आला, कुणावर ते कळेना. गिऱ्हाइकांसमोर हे हात पुढे करून दाखवायचो मी. दादा शेजारीच उभा असायचा. एकदाही बोलला नाही.

काल तुमच्या स्वयंपाकघरात बसून तिन्ही कांड्या खरवडल्या. पहिलीवर कानस घसरली आणि काठाला तिळाएवढा ओरखडा आला. चुलीवरचे सांभाळून तुम्ही हे कसे करत होता? टोक दोन बोटांनी आत गेले, तेव्हा ते काढून पुन्हा घालून पाहिले.

आज तिन्ही पेने प्रेसवर बसवली. आवाज झाला नाही. दोन तुम्हा दोघींना पाठवतो आहे. ओरखड्याचे माझे.

दुकान चालू ठेवतो. कातायला शिकावे लागेल. पहिल्या शंभर कांड्या तरी सरपणात जातील.

माया अशीच असू द्या, पण यापुढे लपवून नको.

आपला,
धाकटा

ता. क. नखांखाली पॉलिशचा भुगा बसला होता. धुऊन निघेना. नखे कापली.