बिबड्यांवरची पावडर

जळगाव, मंगळवार

आदरणीय जितेंद्रभाऊ यांस तुमच्या मेहुण्याचा, प्रेमराजचा, वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींची शुगर, दिपमालाच्या लग्नाची गडबड, गाभण म्हैस, सगळं ठीक असेलच. इकडेही ठीक आहे (मी एकटाच आहे, त्यामुळे बिघडायला फारसं कोणी नाही). लग्नाच्या कामाला लवकर आले, असं तुमच्या बहिणीने, ज्योतीने, तिकडे आल्यावर तुम्हाला सांगितलं असेल तर तेच खरं धरावं. फोन केले होते, पण दर वेळी दिपमाला उचलते आणि "बाबा वावरमा गयात" म्हणते. जेवणाच्या वेळीही तुम्ही वावरातच असता, म्हणून शेवटी पत्र लिहायला बसलो.

विषय आग विझवायच्या सिलिंडरचा. पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलाय, एखादं सिलिंडर घेऊ का, असं तुम्ही मागे विचारलं होतं. जरूर घ्या, पण माझ्यासारखं घेऊ नका. दुकानदाराने मला विचारलं, कशासाठी पाहिजे? मी म्हटलं, आगीसाठी. तो बिचारा समजावत होता की कापूस-लाकडाची आग वेगळी, विजेची वेगळी आणि कढईतल्या तेलाची तर अगदीच वेगळी, तिला खास निराळं औषध लागतं. माझा केळीच्या वेफर्सचा धंदा, म्हणजे उभा जन्म कढईसमोर, तरी मी हे सांगितलं नाही. मी सिलिंडर उचलून पाहिले आणि सगळ्यात जड होतं ते पावडरचं घेतलं. (आपल्याकडे पातेलंसुद्धा आपण वजनावर घेतो.) ते इतकं जड निघालं की घरात दोघांनी मिळून आणलं. तुम्ही एकट्या वहिनींना उचलता येईल असंच घ्या, आणि कापसासाठी पाण्याचं बघा, कारण पावडरने वरची आग बसते पण गंजीच्या पोटात धुमसत राहते. पाण्याचं मात्र विजेच्या बोर्डावर मारायचं नाही, आणि तेलावर तर कधीच नाही.

ते टांगायचं कुठे, हाही प्रश्न असतो. बाहेर पडायच्या दाराजवळ टांगायचं, म्हणजे आपली पाठ पळायच्या वाटेकडे राहते. मी भट्टीच्या पलीकडच्या भिंतीवर टांगलं, गिऱ्हाइकांना समोरून दिसावं म्हणून. दसऱ्याला भट्टी, वजनकाटा, वेफर्सची किसणी यांच्याबरोबर त्याचीही पूजा केली. झेंडूचा हार घातला, वापरताना ओढून काढायच्या पिनेला आणि दांड्याला पूजेचा लाल दोरा सात वेढे देऊन घट्ट बांधला आणि आतला दाब दाखवणाऱ्या काट्याच्या काचेवर हळदकुंकू लावलं. काटा हिरव्यात आहे का ते अधूनमधून बघायचं असतं म्हणे. आमच्या काचेवर नुसतं कुंकू दिसायचं.

गेल्या आठवड्यात मी कढई गॅसवर ठेवून दारात केळीच्या भावावर बोलत उभा राहिलो आणि मागे तेलाने पेट घेतला. मी धावलो, पण सिलिंडर आगीच्या पलीकडे. भिंतीला घासत पोचलो तर दोरा सुटेना. नखं लावली, दात लावले, झेंडू तोंडात गेला. तेवढ्यात ज्योतीने गॅस बंद केला, मोठी परात ढालीसारखी पुढे धरून कढईवर सरकवली आणि तिला हात न लावता बाजूला उभी राहिली. आग विझली. मग माझी गाठ सुटली.

नळीचं तोंड आगीच्या मुळाशी धरून, झाडू मारल्यासारखं इकडून तिकडे फिरवायचं असतं. मी दांडा दाबला तेव्हा आगीला मूळच उरलं नव्हतं, म्हणून माझ्या हाताला जिकडे वळता आलं तिकडे ते वळलं. दारासमोरच अंगणातल्या खाटेवर दिपमालाच्या रुखवतासाठी ज्योतीने उन्हाळ्यात राबून केलेले ज्वारीचे पापड, आपले बिबडे, ऊन दाखवायला पसरले होते. सगळे पांढरे झाले. खरं तर जवळून मारलं असतं तर त्या जोराने पेटतं तेलच उडालं असतं, म्हणजे दोऱ्याने मला वाचवलं असं म्हणता येईल. मी ज्योतीला तसं म्हटलं. तिला ते आवडलं नाही.

सगळ्यांना आशीर्वाद आणि नमस्कार.

आपला,
प्रेमराज

ता. क. ती बिबड्यांवरून रागावली असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. गल्ली गोळा झाली तेव्हा सिलिंडर माझ्या हातात होतं, आणि आग कोणी विझवली असं विचारल्यावर मी नुसता मान खाली घालून हसलो. लोकांनी समजायचं ते समजून घेतलं. संध्याकाळी ज्योती म्हणाली, "आग परातनी इझाडी, नाव तुमनं. तुमना लाल देव लिसनी बठा, मी चालनी माहेरले, शिंदखेडाले." हेच तिचं लग्नाचं काम.

ता. क. दुसरा. येत्या रविवारी गल्लीचं मंडळ माझा शाल-नारळ देऊन सत्कार करणार होतं. मी काल घरोघर जाऊन सांगून आलो की आग ज्योतीने विझवली, मी फक्त बिबडे विझवले. लोक फार हसले. शाल आता तिच्यासाठी आहे. हे पत्र तिला दाखवू नका. दाखवलंच तर परातीपासून पुढे दाखवा.

ता. क. शेवटचा. ती गेल्यापासून मी भट्टी पेटवलेली नाही. चहासुद्धा टपरीवर घेतो. आगीच्या बाबतीत सध्या माझ्याइतकं सुरक्षित घर अख्ख्या जळगावात नसेल, आणि भाऊ, मला त्यात राहवत नाही. तिला पाठवा.