नवे टायर मागे

९ ऑक्टोबर

आणि वर मलाच म्हणतात, फार शहाणा झालास! दाजींनी शेवटी नवे टायर पुढेच घातले. पुढेच! दहादा सांगितलं होतं, मागे घाला. पैसे मी पाठवले. कुठले घ्यायचे ते मी सांगितलं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, कुठल्या आठवड्यात आणि कुठल्या साली बनला ते. वाचल्याशिवाय घेऊ नका, जुना माल पुसून नवा म्हणून देतात, हेही सांगितलं. ते सगळं ऐकलं. चाक बसवायची वेळ आली तेव्हा मात्र अक्कल स्वतःची.

फोनवर म्हणाले, "स्टिअरिंग पुढे असतं का मागे? मग नवं पुढेच जाणार. मागच्याचं काय, ते येतं पाठोपाठ. बायकोसारखं."

मागून ताई ओरडली, "ऐकू येतंय मला!"

मी म्हणालो, दाजी, ओल्या रस्त्यावर पुढचं घसरलं तर गाडी सरळ जाते. ॲक्सिलेटर सोडला की सावरते. मागचं घसरलं की गाडी गरकन फिरते, मग सावरायला काही उरतच नाही. तर म्हणाले, "उचलली जीभ, लावली टाळ्याला! तू चाकं खोलतोस. गाडी मी चालवतो. चौदा वर्षं." आणि ठेवला फोन.

भाडं नसलं की बारकीला शाळेत त्याच गाडीतून सोडतात. ती मागच्या सीटवर बसते, बरोबर चाकाच्या वर. मागचे दोन्ही टायर गोटे झालेत, हात फिरवला तर बोट कुठे अडत नाही. भाची माझी. मामाने काय करायचं, इथून बघत बसायचं?

१० ऑक्टोबर

काही नाही. चाकं.

१२ ऑक्टोबर

आज टायरच्या दुकानात गिऱ्हाईक कमी. वस्ताद झोपले टायरच्या ढिगात, हात डोक्याखाली. मालक नव्हता. मालकाला आम्ही हवालदार म्हणतो, कारण हवा भरायचेसुद्धा पैसे घेतो.

नवे टायर मागे, हे मला वस्तादांनी शिकवलं. बोलून नाही. फरशी धुतली होती, त्यावर जॅकची ढकलगाडी घेतली. मागच्या चाकांना साबण लावला आणि म्हणाले, ढकल आणि वळव. गाडी फिरली आणि माझ्या नडगीवर आली. मग साबण पुढच्या चाकांना लावला. गाडी वळली नाही, सरळ गेली, भिंतीला टेकली. "आता सांग, कुठे मरायला आवडेल?" म्हणाले. नडगीला अजून डाग आहे.

तरी इथे गिऱ्हाईक सांगेल तिथेच घालतो आम्ही. हवालदार म्हणतो, वाद घालायचे पैसे मिळत नाहीत.

माझं बोलणं सगळं पाठ झालंय. हवा सकाळी गाडी थंड असताना तपासा. स्टेपनीची पण तपासा. बाजूला फुगा आला तर त्या टायरवर एक दिवसही चालवू नका. आणि बिल देताना शेवटचं — "पन्नास किलोमीटर झाले की परत या, नट आवळून देतो, पैसे नाही लागत." बसवलेलं चाक थोडं चाललं की नीट जागेवर बसतं, मग नट सैल पडतात. दहातले दोन येतात. मी सांगत राहतो. तोंड बोलतं, मी दुसरीकडे असतो. परवा चहावाल्याला पैसे देताना तेच म्हणालो. तो म्हणाला, "कसले नट, भाऊ? कप दे."

ही चौथी जागा. आधी हॉटेलात भांडी, मग गोदाम, मग रंगकाम. आई म्हणायची, तुझं बूड कुठे टेकत नाही. इथेही टेकलेलं नाही. पिशवी खाटेखाली भरलेलीच असते. पण जायचं कुठे ते सुचत नाही म्हणून राहिलोय.

१४ ऑक्टोबर

ताईचा फोन, दुपारीच. आवाज दाबून बोलत होती.

काल संध्याकाळी उतारावरच्या वळणावर गाडीची मागची बाजू सटकली. अर्धी फिरली. समोरून कोणी नव्हतं म्हणून. बारकीचं डोकं काचेवर आपटलं, टेंगूळ आलंय लिंबाएवढं. दाजी म्हणाले रस्त्यावर कोणीतरी तेल सांडलं होतं.

"तेल होतं का?" मी विचारलं.

"पाणी होतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "तू मला सांग कसं करायचं. मी बदलते."

"तू?"

"का? चाक काय फक्त पुरुषांना ओळखतं?"

म्हटलं, दाजींना सांग टेंगूळ बघा आणि आता तरी ऐका. तर म्हणे, सांगितलं की हट्टाला पेटतील, मग नवे टायर घराच्या छपरावर ठेवतील पण मागे घालणार नाहीत. जेवले की तासभर झोपतात, तेवढ्यात उरकायचं. एक बाजू एका दिवशी, दुसरी दुसऱ्या.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. हो म्हणालो.

१६ ऑक्टोबर

डाव्या-उजव्याचा गोंधळ नको म्हणून आधी उजवी बाजू घेतली.

फोन तिने ओढणीत खोचला कानाशी. मी दुकानामागे, कंप्रेसरच्या पलीकडे, एका कानात बोट घालून. सपाट जागा आहे? आहे. हँडब्रेक ओढ. पलीकडच्या चाकांना पुढून-मागून दगड लाव. गाडी उचलायच्या आधी नट सैल कर, हवेत चाक फिरतं, नट नाही. मग जॅक.

जॅक एकच. म्हणून पुढचं नवं काढायचं, तिथे स्टेपनी घालायची, गाडी उतरवायची. मग मागचं जुनं काढून तिथे नवं. मग परत पुढे येऊन स्टेपनी काढायची आणि ते जुनं तिथे. मलाच सांगताना धाप लागली.

"नट ओळीने नको आवळू. एक आवळला की त्याच्या समोरचा."

"भांडणात बसतात तसे समोरासमोर. कळलं."

"आता गाडी जमिनीवर आहे ना? पान्हा लाव आणि त्यावर पाय दे."

"पाय? हा पान्हा आहे का पायरी?"

"उभी राहा त्यावर."

"राहिले. शेजारीण बघतेय रे."

"पान्हा हलतोय?"

"नाही. गुडघा हलतोय माझा."

प्रत्येक नटावर उभी केली तिला. मग म्हणाली घामाने भिजले, मी तुझ्या दुकानात नोकरी करू का. मी म्हणालो हवालदार बायकांना अर्धा पगार देईल. म्हणाली मग अर्धीच चाकं बसवीन.

बरं वाटलं असावं. बोलून झाल्यावर पाणी प्यायलो, तेव्हा कळलं की भूक लागली आहे.

१७ ऑक्टोबर

डाव्या बाजूला सुरुवात केली आणि इकडे मोठा ट्रक आला, दोन चाकं एकदम फुटलेला. हवालदार ओरडायला लागला. ताई म्हणाली, "ठेव तू. येतं मला आता." ठेवला.

नंतर तिचा निरोप आला — झालं! कालच्यापेक्षा लवकर! मी लिहिलं, बरं.

१९ ऑक्टोबर

ताई खूष. दाजींना कळलंच नाही! काल पाऊस होता, त्याच वळणावरून आले आणि म्हणाले, रस्ता जरा सुधारलाय वाटतं. ती भाकरी थापता थापता तोंड पदरात घालून हसली म्हणे. हे सांगताना परत हसत होती. खूप दिवसांनी तिचं असं हसणं ऐकलं.

बारकी फोनवर आली. "मामा, आईने गाडी उचलली. गुपित आहे."

२० ऑक्टोबर

चाकं. हवालदार पगार पुढच्या आठवड्यात म्हणतो.

२३ ऑक्टोबर

दुपारी चाकाला बॅलन्सिंग करत होतो. रिमला शिशाचे तुकडे चिकटवतो ना, ते. ताईचा फोन. गाडीचं चाक निघालं. उतारावर. गाडी एका अंगावर बसली आणि घासत जाऊन भिंतीवर आदळली. दाजी एकटेच होते, भाडं सोडून परत येत होते. बारकी घरी होती. दाजींचा पाय दोन जागी मोडला आहे, मांडीत आणि खाली. ऑपरेशन आहे.

मी विचारलं, कुठलं चाक.

"मागचं. डावं."

चाक मशीनवर फिरतच होतं. थांबलं तेव्हा आकडा शून्य आला. बरोबर झालं होतं. काढलं, बसवलं, नट आवळले, गिऱ्हाइकाला म्हणालो, पन्नास किलोमीटर झाले की परत या.

२४ ऑक्टोबर

जेवलो. कपडे धुतले. रडू आलं नाही.

२५ ऑक्टोबर

चाक ज्याने उचलून आणलं त्या गॅरेजवाल्याने ताईला सांगितलं, टायर चांगले आहेत, नवेच आहेत, नट कोणी नीट आवळले नव्हते.

ती मला विचारत होती. रागावून नाही, खरंच विचारत होती. "मी आवळले होते रे. दोन्ही हातांनी. शेवटी पाय नाही दिला, आदल्या दिवशीची कळ होती गुडघ्यात. पण घट्ट होते. मला घट्ट वाटले."

घट्ट म्हणजे काय ते मला अंगाने माहीत आहे. तिला कसं असणार? मी फोनवर नव्हतो. नंतर विचारलंही नाही, बरं लिहिलं. आणि पन्नास किलोमीटरचं — चहावाल्याला सांगितलं. तिला नाही.

"त्यांना सांगू का मी?" ती म्हणाली. "ते शुद्धीवर आहेत. विचारत नाहीत काही. मला त्यांच्याकडे बघवत नाही. दोन दिवस झाले, मी त्यांना पाणी देते आणि खाली बघते."

मी म्हणालो, थांब. मी बोलतो दाजींशी.

२६ ऑक्टोबर

नाही बोललो.

२७ ऑक्टोबर

वस्तादांना सांगितलं सगळं. वाटलं, शिवी देतील. त्यांनी हातातला पान्हा पुसला, दुसऱ्या बाजूनेही पुसला. म्हणाले, "शिकवलं त्यात चूक नाही. नवे मागेच." मग म्हणाले, "पण चाक लांबून बसवता येत नाही, पोरा."

दिवसभर नट आवळले. प्रत्येकावर पाय देत होतो, एअरगनने आवळून झालेल्यावर पण. हवालदार म्हणाला, तोडशील चाकाचे बोल्ट, वेडा झालास का. मला नाही माहीत.

ताईचा फोन आला होता. उचलला नाही.

२८ ऑक्टोबर

खाटेखालून पिशवी काढली. परत ठेवली. घरी जाऊन काय करू? गाडी नाही, कमावणारा खाटेवर, आणि हा एक खाणारा वाढायचा.

ताईचा निरोप — उद्या सांगते त्यांना. मला नाही झेपत.

२९ ऑक्टोबर

सकाळीच दाजींचा फोन. स्वतःहून, पहिल्यांदाच.

मी म्हणालो, दाजी, ते नट... म्हणाले, "गप. माहीत आहे मला." त्या दोन्ही दुपारी ते झोपले नव्हते. खिडकीतून बघत होते. "पान्ह्यावर चढली तेव्हा हसू आवरेना मला, उशी तोंडात घातली. दुसऱ्या दिवशी पाय दिला नाही, तेही बघितलं. संध्याकाळी पान्हा घेऊन खाली गेलो होतो. मग म्हटलं, मी आवळताना तिने बघितलं तर तिला कळेल की मला कळलंय. एवढी खूष होती! राहू दे म्हटलं. उद्या बघू."

मग म्हणाले,

"तिला सांग, मधे मी ते चाक पंक्चरला काढलं होतं. शेवटचे नट माझ्या हातचे."

"तुम्हीच सांगा ना, दाजी."

"माझं नाही ऐकणार. चाकांचं ती तुझंच ऐकते."

न झालेलं पंक्चर सांगितलं ताईला. तिने विश्वास ठेवला.

पगार झाला. ताईकडे पाठवतोय, ऑपरेशनला — एकवीस हजार पाचशे.