डेलमर आणि माझी मोटर

३ मार्च १९७४, रविवार
बायकोच्या, म्हणजे व्हर्नाच्या, आईचा पियानो. कागदी रोल लावायचा, पायाने भाता मारायचा, की आपोआप वाजतो. पाय कशाला दमवायचे, म्हणून मी त्याला मोटर बसवली. बायको म्हणते, मोटरची घरघर ऐकू येते. मला येत नाही. हे तिच्या डोक्यात डेलमरनेच भरवलेलं. डेलमर म्हणजे आमच्या पियानो-क्लबचा अध्यक्ष. चर्चमध्ये बरोबर हिच्याच शेजारी उभा राहून गातो. योगायोग?

६ मार्च
मोटरखाली जाड रबर घातलं. आता खिडकीची काचही थरथरते. रबराचं दुकान डेलमरनेच सुचवलं होतं. हं.

९ मार्च
मोटरभोवती खोकं, आत गालिच्याचे तुकडे. घरघर निम्म्याने कमी. धूरही फारसा नव्हता. व्हर्नाने गालिच्याबद्दल विचारलं. विषय बदलला.

१४ मार्च
ही दुपारची जाते कुठे? विचारलं. म्हणाली, डेलमर आणि त्याच्या बायकोकडे, गायला. त्यांचा पियानो अजून पायानेच चालतो. "तुझ्या मोटरबरोबर गाणं म्हणजे ट्रॅक्टरवर बसून गाणं." मी हसलो. मनातून नाही. आईची गाणी हिने आपल्याच घरात गायला हवीत. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी अख्खा क्लब घरी बोलावला.

२१ मार्च
मोटर तळघरात नेली. हवेची नळी वर न्यायला जमिनीला भोक पाडलं. ते सोफ्याखाली निघालं. दुसरं पाडलं. व्हर्ना म्हणाली, "अरे, आईचा पियानो आहे तो, बॉयलर नाही!" दुर्लक्ष केलं.

२३ मार्च, शनिवार
मंडळी जमली. केक आणि बटाट्याचं सॅलड वर सोडून मी तळघरात पहाऱ्याला. डेलमर खाली येऊन मोटर बिघडवणार, याची खात्री होती.

वर गाणं सुरू झालं. व्हर्नाचा आवाज! इतकी मोकळी ती या घरात कित्येक महिन्यांत गायली नव्हती. आणि मोटर? चिडीचूप! हात ठेवून पाहिला. कंप शून्य. जिंकलो! डोळे भरून आले.

पण मोटर थंडगार होती. तिचा स्विच वर, पियानोपाशी. कुणी दाबलाच नव्हता. डोक्यावरच्या फळ्यांवर धप्प, धप्प. पाय.

व्हर्ना जिन्यात आली. "वर ये की रे, माझे पाय दुखले. आता तू मार भाता."

गेलो. डेलमरने मुकाट्याने जागा करून दिली. संशयास्पद. दोन कडव्यांतच मला धाप लागली. सगळे गायचे थांबून बघायला लागले. व्हर्ना म्हणाली, "जा, मोटर लाव. तिचा आवाज तुझ्यापेक्षा कमी आहे."