ताटातला रुपया

भाऊबीज, जिंतूर. दिवेलागणीनंतर.

पाटावर मोबाईल ठेवून व्हिडिओ कॉलवर बाळूला ओवाळलं. माझा धाकटा भाऊ, रशियातल्या कारखान्यात. निर्बंधांमुळं त्याचे पैसे इकडं येईनात. म्हणाला, "ताई, माझ्याकडं डिजिटल रूबल हाय, तुझ्याकडं डिजिटल रुपया. मधी वाटच न्हाई. सगळी कमाई इथं टाकून कसा येऊ?" आईनं त्याच्या नावानं ताटात एक रुपया टाकला.

आणि मी कॉलेजात काय शिकवते? देशादेशांची अशी डिजिटल चलनं एकमेकांना जोडली की डॉलरची दादागिरी संपेल. पण कधी? देश नुसते बोलायलेत, विश्वास कुणाचा कुणावर नाही. सुट्टी संपल्यावर पोरांना काय सांगू?

रुपया अजून ताटातच आहे. उचलायला हात धजेना. ओवाळणी म्हणून उचलला, की बाळू स्वतः ती टाकायला येणार नाही हे मान्य केल्यासारखं होईल.