चौथ्या सीटचा उमेदवार

२ मार्च, सोमवार
सासऱ्यांच्या बोटीत एक सीट रिकामी झाली. चार मित्र, दर महिन्याला समुद्रात जाऊन गळ टाकतात. त्यातले निवृत्त पोस्टमास्तर गुडघ्यामुळे घरी बसले. सीट दोन जावयांपैकी एकाला मिळणार, म्हणजे मला किंवा साडूला. रविवारी दोघांची ट्रायल. साडू दातांचा डॉक्टर. माणूस सज्जन, पण दम नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी सासरे फोनवर मला 'हवा काय म्हणते' याच्यापलीकडे काही विचारत नाहीत. सीट मला हवीच.

३ मार्च
रॉड आणला. भारीतला. गच्चीवर सराव. पहिल्याच फेकीत शेजारच्या वकीलबाईंची वाळत घातलेली चादर गळाला लागली. त्या बरंच बोलल्या. माझा नेम मात्र पक्का आहे.

५ मार्च
बायकोकडून बोटीचा नियम कळला. पाण्यावर जो आधी 'परत फिरू या' म्हणेल, त्याने सगळ्यांचे मासे साफ करायचे, वर महिनाभर चेष्टा सहन करायची. मी मेलो तरी म्हणणार नाही. बायको म्हणाली, उगाच शूरपणा करू नकोस, वाटेल ते बोलून टाक. तिला मी अजून कळलेलो नाही.

७ मार्च
उद्या जोराचा वारा असल्याचा इशारा आहे. उत्तम. कस लागेल. बायकोने बॅगेत उलटीची गोळी टाकली होती, ती काढून ठेवली.

८ मार्च, रविवार, पहाटे
धक्क्यावर पोचलो. उभं राहवत नाही इतका वारा. सासरे आणि त्यांचे दोन मित्र, कॅशियरकाका आणि गॅरेजवाले काका, एकमेकांकडे बघतायत. मग तिघंही माझ्याकडे. आदर दिसतोय.

८ मार्च, संध्याकाळी
बोट निघताच कठडा गाठला. चहा कडक होता. आधी चहा, मग बिस्किटं समुद्रार्पण केली. सासऱ्यांनी दोनदा विचारलं, काही बोलायचंय का. मी म्हणालो, छे, मजा येतेय. कॅशियरकाकांनी उसासा सोडला. एक लाट सगळ्यांच्या डोक्यावरून गेली, जेवणाचा डबा घेऊन गेली. गॅरेजवाल्या काकांनी हात जोडले, माझ्याकडे बघून की आकाशाकडे ते कळलं नाही. मी कठड्याला मिठी मारून, डोळे मिटून, गप्प.
शेवटी साडू म्हणाला, "मला भीती वाटतेय. परत फिरू या."
सासऱ्यांनी बोट इतक्या झटकन वळवली की मी आपटलो. साडूने मासे साफ केले. दोनच होते. बिचारा.
सीट माझी.

१० मार्च
वॉटरप्रूफ जॅकेट ऑर्डर केलं. साडूला समजुतीचा मेसेज पाठवला, प्रत्येकाची कुवत वेगळी असते. त्याने अंगठा पाठवला. सासऱ्यांचा फोन नाही. घाई कशाला?

१२ मार्च
सासऱ्यांचा फोन. सीट साडूला.
म्हणाले, पोस्टमास्तरांचं बोटीवर तेच काम होतं. वारा वाढला की ते आधी म्हणायचे. बाकी तिघांच्या तोंडून काही केल्या ते निघत नाही. इतकी वर्षं मासे त्यांनी साफ केले, आणि चौघं धडधाकट घरी आले. आता तसा माणूस हवा होता, आणि बायकोने माझं नाव सुचवलं होतं. लिफ्ट हलली तरी मी तिचा हात धरतो, हेही तिने सांगितलं होतं.
"तुमच्यावर फार भिस्त होती हो," सासरे म्हणाले. "आम्हाला वाटलं, तुम्ही धक्क्यावरच म्हणाल."
फार वाईट वाटलं. खरं सांगून टाकलं, की मी धक्क्यापासूनच घाबरलो होतो, पूर्ण वेळ जीव मुठीत धरून बसलो होतो. ते म्हणाले, तेव्हा बोलायचं ना.
मग विचारलं, बाकी, हवा काय म्हणते.
मी म्हणालो, वारा पडलाय.