मागची सीट

१० फेब्रु. १९७४
आक्का येऊन गेली. जीपमधनं. दाजी साखर कारखान्याचे व्हाइस चेअरमन झाल्यापासनं ही बाई एस.टी. विसरलीच. ड्रायव्हरनं दार उघडलं, ही मागच्या सीटवरनं उतरली, पदर सावरत, अगदी सावकाश, सगळी आळी बघेपर्यंत. मी दारात शेणाच्या हातानं उभी. सख्खी बहीण खरी, पण असं जळलं म्हणून सांगू पोटात!
दाजींचा निरोप : इथल्या सहकारी सोसायटीत त्यांना आपला चेअरमन पाहिजे. "हवालदारांना उभं कर. पुढचं आमचे हे बघतील."
ती गेल्यावर ह्यांना सांगितलं. म्हणाले, "फौजेत लय सलाम ठोकलं. आता कुणाचं घ्यायचंबी न्हाईत." आन् निघाले बागेत द्राक्षाचे घड बघायला. झालं!

१२ फेब्रु.
दिवसभर आमचा सिनेमा आठवत होता. लहानपणी मामा बाजाराला मिरजेला न्यायचा, तवा तोच लागलेला असायचा, आन् आम्ही तोच बघायचो. गाडीवानाचा पोरगा बैल हाकता हाकता आमदार होतो. मग मिरवणूक. उघडी मोटार, गळाभर हार, मागच्या सीटवर नथ घातलेली त्याची बायको, लोक फुलं टाकतायत. तिथं आलं की मामा दंडाला धरून उठवायचा. शेवटची एस.टी. चुकली असती. पुढचं रीळ कधी बघितलंच न्हाई. आमच्या लेखी सिनेमा मोटारीतच संपला.
घरी येऊन खळ्यातल्या बैलगाडीत तेच खेळायचो. आक्का मागं, गळ्यात झेंडूची माळ. मी पुढं, ड्रायव्हर. "उद्या तू मागं बस गं." तो उद्या कधी उजाडला न्हाई. अजून न्हाई.

१५ फेब्रु.
भांडण.
मी : लोकांच्या बायका जीपनं फिरत्यात.
हे : तुला जीप पायजे, का मी चेअरमन पायजे?
मी : दोन्ही.
हसले. त्या हसण्याचाच संताप येतो. ह्या माणसाला काही नकोच. सांजचा चहा प्यायचा, "आज आलं झ्याक पडलंय" म्हणायचं, एवढंच ह्यांचं राज्य. आक्काला लोक वैनीसाहेब म्हणतात. मला? हवालदारीण.
जत्रेत तंबू आलाय. पाटी बघितली तर आमचाच सिनेमा! आक्काला निरोप धाडला. ह्यांनाही नेणार. म्हटलं, बघू द्या एकदा माणूस वर कसा चढतो ते.

१८ फेब्रु.
काल तंबूत गेलो. बायका एकीकडं, गडी एकीकडं, मधी दोरी. आक्काला आन् दाजींना मात्र पुढं खुर्च्या. मी सतरंजीवर, तिच्या पायाशी. तिच्या हातातल्या पाटल्या नव्या होत्या. मी बघितल्याच न्हाईत असं दाखवलं.
दाजी आलेच न्हाईत. मीटिंग. त्यांच्या खुर्चीवर आक्कानं पर्स ठेवली होती. कुणी बसायला आलं की म्हणायची, "येणार हायेत."
मिरवणूक आली. तीच मोटार, तीच फुलं. माझ्या अंगावर काटा. तोवर आक्का उठली.
"कुठं निघालीस? आता कुठली एस.टी. चुकतीय?"
"जाते मी."
"अगं, शेवट तरी बघ! कधी बघितलाय का आपण?"
"बघून काय करू? मला म्हाईत हाय."
गेली. पर्स खुर्चीवरच विसरली. पळत जाऊन दिली, तर जीपमध्ये मागं एकटीच बसलेली.
परत येऊन शेवटचं रीळ बघितलं. मोठा बंगला, माणसांनी भरलेला. बायको ताट घेऊन त्याच्या टेबलापाशी उभी. तो सह्या करतोय. मान वर न करता विचारतो, "बोला, आपलं काय काम होतं?"
ती ताट ठेवते, जाते. तो पुढच्या माणसाला बोलावतो. संपला.
तंबूत काही जण हसले. मला न्हाई आलं हसू.
वाटेत ह्यांना विचारलं, कसा वाटला. म्हणाले, "बरा हाय. पर त्याच्या बैलांचं काय झालं, ते सांगितलंच न्हाई."

१९ फेब्रु.
आक्काची कीव आली. दोन घटका. मग पाटल्या आठवल्या.
एवढं डोळ्यांनी बघितलं, तरी मन म्हणतं, ती सिनेमातली बाईच बावळट. मी असते तर ताट टेबलावर आपटलं असतं. आमचे हे तसे होणारच न्हाईत. होतील? दाजी तरी कुठं तसे होते! आक्काच्या लग्नात पंगतीत सगळ्यांसमोर तिला जिलेबी भरवून लाजले होते.

२० फेब्रु.
अर्ज भरायचा उद्या शेवटचा दिवस. दाजींची जीप सकाळी येणार. आक्का न्हाई येणार, तिची तब्येत बरी न्हाई म्हणे. म्हणजे मागची सीट मोकळी.
चहा पिता पिता हे म्हणाले, "तुझ्यासाठी भरतो. पर खरं सांग, पायजेच का?"
मी म्हटलं, सांगते.
कप खाली ठेवून माझ्याकडं बघत बसले. किती दिवसांनी असं बघितलं, का रोजच बघतात आन् माझंच ध्यान नसतं?
इरकल लुगडं पेटीतनं काढून खाटंवर ठेवलंय. अजून काही सांगितलं न्हाई.